बावखलावरची पेटी

१

गुरुवारी बावखलावरून पंपाचा आवाज येणं शक्यच नव्हतं. म्हणून तो आला तेव्हा वसुंधराबाईंच्या हातातली शेवग्याची शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली.

ओटीवरचा पंखा नुकताच फिरू लागला होता. आदल्या दिवशी दुपारी एकला रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला, तेव्हापासून गिरीजची ती सगळी आळी विजेवाचून बसली होती. आता सकाळचे अकरा वाजून गेल्यावर वीज आली आणि तिच्या पाठोपाठ पंप. मग एक माणसाचा आवाज आला. त्यात शब्द नव्हते, आणि तोही मधेच तोडल्यासारखा थांबला.

बाई अनवाणीच केळींतून धावल्या. त्या पोचेपर्यंत पंप बंद झाला होता. आलोशियस तुस्कानो छातीभर पाण्यात उभा होता आणि त्याच्या दोन्ही हातांवर आत्माराम राऊत होता. डोळे उघडे, हातात जलपर्णीचा झुबका तसाच घट्ट धरलेला.

"मेनचा दांडा मीच पाडला," आलोशियस म्हणाला. त्याचे दात वाजत होते, मार्च महिन्यातल्या उन्हात. "पन लावला कोनी, वसूबाय? आज गुरुवार ना? पंप लावला कोनी?"

तासाभरात आळीनं त्या प्रश्नाचं उत्तर ठरवून टाकलं. उत्तर होतं आलोशियस तुस्कानो.

२

बावखल म्हणजे वसईच्या वाडवडिलांनी हातानं खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. या बावखलावर सहा वाड्या, चार राऊत-चौधऱ्यांच्या आणि दोन ख्रिस्ती. वसुंधराबाई लग्न होऊन आल्या तेव्हा काठावर रहाट होता. बैल डोळ्यांना झापड बांधून फिरायचा आणि मातीच्या लोट्यांतून पाणी पाटात पडायचं. त्या काळापासूनचे नियम तीनच. प्रत्येकाला पाण्याची ठरलेली पाळी. गुरुवारी कोणालाच पाळी नाही, त्या दिवशी बावखल साफ करायचं. आणि चर्चची सांजेची घंटा झाली की राहिलेली पाळी मोडली. आजचं पाणी उद्या मागायचं नाही. घंटा ख्रिस्तांवांची, पण ती राऊतांच्या घरातही तितकीच पाळली जायची. भांडण नको, हाच त्यातला देव.

रहाट गेला, इंजिन आलं, मग विजेचा पंप आला. आणि गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार चारच्या दिवाळीत, पेटी आली. पंपघरातल्या भिंतीवर पत्र्याची एक पेटी, आत मोबाइलचं कार्ड आणि बॅटरी. आपल्या पाळीला घरूनच पेटीचा नंबर फिरवायचा. दोन छोटे टूं-टूं वाजले की पंप सुरू झाला, आणि पाऊण तासानं आपोआप बंद. एकच लांब टूंऽऽ वाजला तर वीज नाही. सहा घरांचे सहा नंबर पेटीला ठाऊक. सातव्या कोणाचं ती ऐकत नसे.

म्हणजे गुरुवारी अकराला या सहांपैकीच कोणीतरी पेटीला फोन केला होता. पंपाची वायर उंदरांनी कुरतडलेली होती आणि पंप चालू असला की लोखंडी पाइपला झिणझिण्या येत. तोही सर्वांना ठाऊक असलेला प्रकार. "पंप चालू असताना पाण्यात उतरायचं नाही," असं आत्मारामच पोरासोरांना बजावायचा. तो स्वतः उतरला होता, कारण गुरुवार होता.

"वीज आली तेव्हा हा काठावर, मोबाइल कानाला लावून," फौजदार शत्रुघ्न घुगे वसुंधराबाईंच्या ओटीवर बसून म्हणाला. मराठवाड्यातून आलेला तरुण माणूस. बावखल हा शब्दही तो त्याच दिवशी शिकला होता. "आणि आदल्या संध्याकाळी दोघांचं जोरात वाजलेलं. साक्षीदार आहेत, आजी."

"वाजलं ते मीही ऐकलं. आलोशियसची बुधवारची पाळी विजेपायी बुडाली. त्याला गुरुवारचं पाणी हवं होतं, आत्माराम देईना."

"'तू मेलास तरी गुरुवार सोडायचा नाहीस,' असं म्हणाला तो. बरोबर?"

"म्हणाला. रागात."

"मग झालं की."

"झालं काय? तो फोन कोणाला करत होता?"

"म्हणतो, भाजीच्या व्यापाऱ्याला. लागला नाही म्हणे. मोबाइलच्या यादीत तोच दिसतो, पण यादीतला एखादा नंबर पुसता येतो." घुगेनं खांदे उडवले. "मोबाइल कंपनीकडून पेटीच्या नंबरचा कागद यायला पंधरा दिवस लागतात. तोवर आत राहू दे."

संध्याकाळी सालोमी आली. आलोशियसची बायको, एरवी आळीभर ऐकू जाईल असं बोलणारी. ओटीच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ नुसती पदर पिळत राहिली.

"वसूबाय, तुम्ही तारऑफिसात होता. तीस वर्षं लोकांचे निरोप वाचलेत. तुम्हाला तरी कळेल कोन खरं बोलतो."

"तार वाचून माणूस कळत नाही गं."

"मग जाऊन बघा तरी. त्याला त्या खोलीत झोप नाय येत. त्यानं आत्मारामला बाहेर काढला, आनि लोक म्हनतात, वीज गेल्यावर उतरायला काय जातंय."

बाई दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्याच पंपघरात गेल्या. पेटीवरचा लाल ठिपका बॅटरीवर मिणमिणत होता, मेलेल्या माणसाच्या घरात कोणीतरी जागं असावं तसा. बाईंना तिथं उभं राहवेना. वळताना त्यांचा हात दाराच्या आतल्या बाजूला लागला आणि बोटांना काहीतरी चिकटलं. चिकटपट्टीचे चार तुकडे, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर. प्रत्येकाखाली पांढऱ्या कागदाचा एकेक फाटका कोपरा.

इथे काहीतरी लावलेलं होतं. ते कोणीतरी ओढून काढलं होतं.

३

आत्मारामची बायको हंसा भिंतीला टेकून बसली होती. शेजारी त्याचा धाकटा भाऊ धर्मा, सहांतल्याच एका वेगळ्या वाडीचा, इस्त्रीच्या शर्टात, माणसांना पाणी देत, कामं उरकत.

"दहा वाजता मीच दादाच्या हातात कोयता दिला, काकी," धर्मा म्हणाला. "म्हटलं, चहा घेऊन येतो. येईपर्यंत..." त्यानं मान फिरवली.

"दाराला कसला कागद होता रे पंपघराच्या?"

"कागद? नाही ब्वा."

आळीत सगळ्यांनी तेच सांगितलं. कागद? नाही. लोक पंपघरात जातातच कशाला आता, फोन असताना?

हंसानं नवऱ्याचा मोबाइल बाईंच्या हातात दिला. "घुगेसाहेबांनी बघून परत दिला. यात गुरुवारी काहीच नाही." बाईंनी चष्मा लावून लावलेल्या फोनची यादी पाहिली. शेवटचा नंबर पेटीचा होता. बुधवार, दुपारी दोन वाजून दोन मिनिटं.

"बुधवारी दोनला त्याचीच पाळी होती," हंसा म्हणाली. "लांब टूं वाजला. म्हणाले, गेलं आजचं पाणी."

बाहेर पडल्यावर बाईंनी मनाशी मोजलं. दोनला आत्माराम, चारला आलोशियस. बुधवारी दुपारच्या पाळ्या या दोनच. दोघांनाही लांब टूं. सातला घंटा, दोन्ही पाळ्या मोडल्या.

मेन गुरुवारपासून पाडलेलाच होता, आणि भीतीनं कोणी पेटीला फोनही करत नव्हतं. शनिवारी वाड्या सुकायला लागल्या. पानवेलीची पानं कडांना पिवळी पडली, आणि मेलेल्या माणसाच्या दुःखापेक्षा केळींचं दुःख हळूहळू मोठं होऊ लागलं. वायरमन आला, त्यानं कुरतडलेली वायर बदलली. आळीतली दहा-पंधरा माणसं काठावर जमली होती. धर्मा तेवढा मागे, सिमेंटच्या रस्त्यावर उभा होता. बाईंना वाटलं, बिचाऱ्याला पाण्याजवळ येववत नसेल.

"मेन टाकून ठेवतो," वायरमन म्हणाला. "मग ज्याची पाळी त्यानं फोन करा."

त्यानं दांडा वर केला. आणि पंप सुरू झाला.

कोणाच्याच हातात मोबाइल नव्हता. क्षणभर सगळे एकमेकांच्या हातांकडेच बघत राहिले. मग शेजारच्या सत्यवती राऊतांनी दोन्ही हात कानांवर ठेवले, "आत्माराम" एवढंच म्हणाल्या, आणि बायका केळींतून पळत सुटल्या. वायरमननं घाईनं दांडा पाडला.

बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. भीती त्यांनाही वाटली, पण ती आत्मारामच्या भुताची नव्हती. ही भीती त्यांच्या ओळखीची होती. चौतीस वर्षांपूर्वी एकदा भेटलेली.

त्या वर्षी वादळात तारांचे खांब पडले आणि वसईची लाइन दोन दिवस बंद राहिली. लोक तारा देतच होते. त्या घ्यायच्या, वेळ टाकायची, खिळ्याला लावून ठेवायच्या. लाइन आली की आलेल्या क्रमानं एकेक पाठवायची. छत्तीस तारा होत्या. एकोणिसावी नागपूरच्या एका मुलासाठी होती: आई आजारी, लगेच ये. ती वसुंधराबाईंनी क्रमानं पाठवली. आई आदल्याच दिवशी गेली होती, आणि ते त्याला कोणाच्या तरी मार्फत कळलंही होतं. ताजी तार हातात पडल्यावर त्याला वाटलं, पहिली बातमी खोटी. तो पेढे घेऊन घरी आला.

थांबलेला निरोप शिळा होतो. पण ज्याच्या हातून जातो, त्याला तो शिळा झाल्याचं कळत नाही.

बाईंनी बंद पंपाकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या लाल ठिपक्याकडे. पेटीच्या खिळ्याला किती लावलेत?

४

पेटी बनवणारा जितेश सातिवलीला एका गाळ्यात बसायचा. गाळ्याला कुलूप होतं. शेजारच्या प्लास्टिकच्या कारखान्यातला माणूस म्हणाला, "गुरुवारपासून गायब आहे तो. कोणी विचारलं तर गावाला गेला म्हणून सांग, असं बोलला." मग बाईंच्या पांढऱ्या केसांकडे बघून त्यानं मागच्या दाराकडे हनुवटीनं खूण केली.

जितेश आत अंधारात बसला होता. तीन दिवसांची दाढी.

"मावशी, मी काय मुद्दाम केलं नाही."

"काय केलंस ते सांग."

"लोकांचीच तक्रार होती. वीज नसली की परत परत नंबर फिरवायला लागतो. म्हणून आदल्या आठवड्यात, सोमवारी, आतली चिप बदलली. आता वीज नसताना फोन आला की पेटी मागणी विसरत नाही, ठेवून देते. वीज आली की आलेल्या क्रमानं एकेक पुरी करते."

"आणि लांब टूं?"

"तो तसाच ठेवला."

"म्हणजे लोकांना वाटणार, नाही म्हणाली. आणि ती म्हणत होती, थांब."

जितेशनं मान खाली घातली.

"घंटेचं काय?"

"कुठली घंटा?"

बाईंनी डोळे मिटले. सहा घरांना, तीन पिढ्यांना जे सांगावं लागत नव्हतं, ते पेटीला कोणी सांगितलंच नव्हतं. घंटा झाली, पाळी मोडली. पेटीला कान नव्हते.

"मागणी पुसली कधी जाते? पंप सुरू झाल्यावर की पाऊण तास संपल्यावर?"

"सुरू झाला की लगेच. एक कमी."

"कोणाची मागणी होती ते दिसतं?"

"नाही. फक्त किती बाकी तेवढं ती धरून ठेवते, आणि बॅटरी काढली की तेही जातं. बघायला पडदाच नाही." तो आता बाईंकडे बघून बोलू लागला. "पण मी धोका सांगितला होता, आईशप्पथ. मोठ्या अक्षरात कागद लावला पंपघराच्या दाराला. 'पेटी आता मागणी लक्षात ठेवते. पाण्यात उतरण्याआधी फ्यूज काढा.' चारही कोपऱ्यांना पट्टी लावली, मावशी."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "चारही कोपरे अजून आहेत."

५

रविवारी सालोमी चर्चमधल्या मासवरून परस्पर बाईंकडे आली. बाईंनी तिला एकच विचारलं: गेल्या आठवड्यात पंपघराच्या आसपास कोणाला काही वेगळं करताना पाहिलंस का?

"वेगळं म्हनजे?"

"आपली माणसं करत नाहीत असं काहीही."

सालोमीनं बराच विचार केला. "एक हसायचं झालेलं. मंगळवारी माजी बादली बावखलात पडली. धर्माला म्हटलं, काढ रे. तर आधी पंपघरात गेला, फ्यूज काढला, खिशात टाकला आनि मग उतरला. मी म्हटलं, काय रे, शहरातला झालास? पंप तर बंदच, तरी फ्यूज कशाला? तर म्हनतो, सावध असावं, वहिनी."

ती त्या आठवणीनं किंचित हसलीही. बाई मात्र हसल्या नाहीत. मंगळवारी स्वतःसाठी फ्यूज काढणाऱ्या धर्मानं गुरुवारी भावाच्या हातात कोयता दिला होता, आणि फ्यूज जागेवर ठेवून चहाला गेला होता.

दुपारी तोच दारात उभा राहिला. हातात प्लास्टिकच्या फायलीत एक कागद.

"काकी, आता काय उरलंय त्या बावखलात? लोक तिकडे बघायलाही घाबरतात. बिल्डर भराव टाकून देतो म्हणतोय. दादाच्या जागी हंसावहिनी सही करतील. तुस्कानोंचं काय, ते आता वकिलाच्या मागे लागणार, देतील. तुमची तेवढी राहिली."

बावखल बुजवायच्या या कागदावर आधीपासून तीन घरं सही द्यायला तयार नव्हती. आत्माराम, आलोशियस आणि वसुंधराबाई. एक स्मशानात, एक कोठडीत. बाईंना अचानक आठवलं, शुक्रवारची त्यांची स्वतःची पाळी सकाळी सहाची असते, आणि पाटाचं दार उघडायला त्या दर शुक्रवारी पाण्यात पाय घालतात.

"ठेवून जा," त्या म्हणाल्या. "चष्मा सापडला की वाचते. बुधवारी तू कुठे होतास रे? दिसला नाहीस."

"वसईला, बिल्डरकडेच. रात्री आलो आठला."

"म्हणजे दोघांना लांब टूं वाजला तेव्हा तू नव्हतास."

"कसला टूं?"

"काही नाही. तुझा मोबाइल दाखव बरं, असा छोटा मलाही घ्यायचाय."

त्यानं दाखवला. लावलेल्या फोनची यादी कोरी होती. "भरली की पुसतो मी," धर्मा म्हणाला, आणि फोन परत घेताना बाईंच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

तो गेल्यावर त्यांनी दाराला कडी घातली. दिवसाढवळ्या, उन्हात, आयुष्यात पहिल्यांदा.

६

सोमवारी दहाला सगळे बावखलावर होते. घुगे, वायरमन, जितेश, हंसा, सालोमी, धर्मा आणि आळीतली माणसं. आलोशियसला जीपमधून आणलं होतं. मेनचा दांडा खाली होता. सकाळीच बाईंच्या सांगण्यावरून वायरमननं एक काम केलं होतं, ते फक्त तिघांना ठाऊक होतं.

"आत्मारामला कोणी मारला ते शोधायच्या आधी पंप कोणी लावला ते बघू," वसुंधराबाई म्हणाल्या. "गुरुवारी कोणीच लावला नाही." त्यांनी चिपची, थांबवून ठेवलेल्या मागण्यांची गोष्ट सांगितली. जितेश जमिनीकडे बघत उभा होता. "बुधवारी दोन पाळ्या बुडाल्या. दोनला आत्मारामनं फोन केला, चारला आलोशियसनं. घुगे, दोघांच्या मोबाइलवर वेळ आहे. घंटा झाली, दोघं विसरले. पेटी विसरली नाही. गुरुवारी वीज आली आणि तिनं पहिली मागणी पुरी केली. ती आत्मारामची स्वतःची."

हंसाच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. सालोमीनं तिला धरलं.

"दुसरी शनिवारी पुरी झाली, तुमच्या डोळ्यांदेखत. तीच आलोशियसची. म्हणजे आत्माराम गेला तेव्हा आलोशियसचा फोन पेटीतच पडून होता."

घुगेनं आलोशियसकडे पाहिलं आणि टोपी काढून काखेत धरली.

"अपघात म्हणायचा मग," कोणीतरी म्हणालं.

"दोन मागण्या, दोनदा पंप. पेटी रिकामी झाली," बाई म्हणाल्या. "आता भ्यायचं कारण नाही. धर्मा, आत्मारामचा कोयता अजून दुसऱ्या पायरीवर पाण्यात पडलाय. हंसाला हवाय तो. उतरून काढ बरं. वायरमन, तुम्ही मेन टाका, बाकीच्यांची भीती जाऊ दे."

धर्मा हलला नाही.

"अरे, उतर ना."

"नंतर काढतो, काकी. मेन टाकण्याआधी..."

"आधी काय?"

"फ्यूज काढू दे त्यांना."

"फ्यूज? आत्माराम चाळीस वर्षं उतरला, त्यानं कधी काढला नाही. आळीत कोणी काढत नाही. तुला कोणी शिकवलं?"

पाण्यावर एक बगळा उतरला आणि माणसं बघून परत उडाला. धर्माच्या कपाळावर घाम आला होता.

"पेटी रिकामी आहे रे," बाई हळू म्हणाल्या. "दोनच होत्या. तिसरी घंटेनंतरची असेल तर असेल. पण घंटेनंतर पाणी मागणारा माणूस आपल्या आळीत कोण?"

त्यांनी वायरमनकडे पाहिलं. त्यानं दांडा वर केला.

पंप वाजला नाही. पंपाच्या दोन्ही वायरी सकाळीच काढून त्यांना एक बल्ब जोडलेला होता. पंपघराच्या अंधारात तो दिवा लागला. पिवळा, शांत. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग एकेक करून धर्माकडे.

७

तो पायरीवर बसला. कोणी धरण्याआधीच.

"मी त्याला हात लावला नाही, काकी."

"नाहीच लावलास."

"रात्री नऊला एकदाच फोन केला. पेटी ठेवून देते ते वाचलेलं. सकाळी तो उतरताना वाटलं, सांगावं. तोंडापर्यंत आलं होतं." त्यानं वर पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत एक विचित्र आशा होती. "पण माझ्या फोननं नाही गेला तो. तुम्हीच म्हणालात. पहिली मागणी त्याचीच होती. माझी आत्ता पुरी झाली, बल्बावर."

हंसा त्याच्याकडे अशी बघत होती जणू तो खूप लांबच्या काठावर बसलाय.

"फोन तुझा तिसरा होता, धर्मा," वसुंधराबाई म्हणाल्या. "पण कागद तू सगळ्यांत आधी फाडलास."

पंधरा दिवसांनी मोबाइल कंपनीचा कागद आला. त्यावर बुधवारचे तीन फोन होते. दोन वाजून दोन, चार वाजून एक, आणि रात्री नऊ वाजून दहा. नऊ-दहाच्या पुढे धर्माचा नंबर होता.

पेटी पोलिसांनी नेली. नेताना बाईंनी घुगेला दोनदा विचारलं, "बॅटरी काढलीत ना?" त्यानं काढून त्यांच्या हातावर ठेवली तेव्हाच त्या बाजूला झाल्या. पंपाला साधं बटण बसलं, आणि दाराला जितेशनं स्वतः रंगानं अक्षरं काढून दिली, कोणाला फाडता येणार नाहीत अशी. बिल्डरचा कागद बाईंनी चुलीत घातला.

आलोशियस सुटून आला त्या दिवशी संध्याकाळची पाळी सर्वांनी त्यालाच दिली. त्याच्या पानवेलीची निम्मी पानं गेली होती. पाणी पाटातून शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचायला दहा मिनिटं उरली असतील, तेवढ्यात चर्चची घंटा वाजली. त्यानं खोरं खाली ठेवलं, कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला, आणि जाऊन बटण बंद केलं.

"अहो, राहू द्या आजच्या दिवस," सत्यवती राऊत काठावरून म्हणाल्या. "कोन बोलनार हाय तुम्हाला?"

"घंटा झाली, वैनी," तो म्हणाला.

वसुंधराबाई अजून त्याच ओटीवर बसतात. वीज जाते, येते. ती गेली की त्यांना काही वाटत नाही. ती परत येते, पंखा पहिली गिरकी घेतो, तेव्हा त्या हातातलं काम थांबवतात आणि श्वास रोखून बावखलाच्या दिशेनं कान देतात. पंप वाजत नाही. मग त्या पुढची शेंग उचलतात.